नाशिकच्या हॉटेलात टीप किती द्यावी, आणि ती जाते कोणाच्या खिशात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात माझी काही चूक होत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही पुण्याहून सुट्टीला घरी आलात. आईच्या साठीनिमित्त घरचे नऊ जण गंगापूर रोडवरच्या एका फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलात. जेवणाचे सहा हजार, त्यावर दहा टक्के सेवा शुल्क म्हणून सहाशे आणि या सगळ्यावर जीएसटी, असे ६,९३० रुपये झाले. ते तुम्ही मोबाइलवरून भरले. उठताना वडिलांनी बडीशेपेच्या ट्रेमध्ये विसाची नोट ठेवली. अमेरिकेहून आलेला भाऊ म्हणाला, "बाबा, निदान पंधरा टक्के तरी द्यायला हवेत." वडील म्हणाले, "पगार मिळतो ना त्यांना?" तुमच्या बायकोचं म्हणणं, सहाशे रुपये बिलातच घेतलेत, आता वर कशाला? वाढणाऱ्या मुलानं ती नोट उचलली तेव्हा त्याचा चेहरा पडला आणि तो अजून तुमच्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुम्हाला विचारायचंय की टीप किती द्यावी, सेवा शुल्क म्हणजेच टीप का, आणि त्या मुलाला त्यातलं काही मिळालं का.

मी या धंद्यात १९९९ पासून आहे. सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या एका हॉटेलात टेबल पुसण्यापासून सुरुवात केली. मग वेटर, कॅप्टन (म्हणजे वेटरांचा प्रमुख), मॅनेजर असं करत आता इंदिरानगरच्या बाजूला स्वतःचं चौदा टेबलांचं हॉटेल चालवतो. टीप घेतली आहे, वाटली आहे, आणि ती दुसऱ्याच्या खिशात जाताना पाहिलीही आहे. त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुमच्या टेबलावर जे झालं त्यात तिघंही खरं बोलत होते, फक्त तिघं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. वडील पगाराबद्दल, बायको सेवा शुल्काबद्दल आणि भाऊ टीपेबद्दल. पगार मालकानं द्यायचा असतो. सेवा शुल्क मालक घेतो. टीप तेवढी तुमच्या आणि त्या मुलाच्या मधली गोष्ट. या तिन्हींची गल्लत झाली की आकडा कितीही काढला तरी मनाला पटत नाही.

भावापासून सुरू करू. अमेरिकेत तो म्हणतो तसंच आहे आणि तिथं टीप न देणं हा खरोखर अन्याय ठरतो. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेला नाही. टीप धरून तासाचे ७.२५ डॉलर भरले नाहीत तर वरचा फरक मालकानं भरायचा. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत ही सवलत मालकाला नाही, पण बाकी बऱ्याच ठिकाणी आहे. म्हणजे तिथं गिऱ्हाईक जी टीप देतं तो त्या माणसाचा पगारच असतो, फक्त तो दुसऱ्या दारानं येतो. भावाला तिथं राहून ती सवय लागली, त्यात त्याचा मोठेपणा मिरवण्याचा काही भाग नाही. पण ते गणित नाशिकला तसंच्या तसं आणता येत नाही.

आपल्याकडे कायदा वडिलांच्या बाजूचा आहे. महाराष्ट्रात हॉटेल आणि उपाहारगृहांना किमान वेतन लागू आहे. परिमंडळानुसार, म्हणजे भागानुसार, आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशा वर्गांनुसार दर ठरलेले असतात, वर विशेष भत्ता असतो. टीप मिळते म्हणून पगार कमी देण्याची मुभा इथल्या मालकाला कुठल्याही कायद्यानं दिलेली नाही. आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. पेठ, सुरगाणा, हरसूल या भागातून मुलगा कामाला येतो. खरिपाचा भात-नागली निघाली की घरी काम नसतं. गल्ल्यावर बसलेला माणूस त्याला सांगतो, "पगार एवढा, खाणं-राहणं आपलं, आणि वर टीप मिळतेच." हे शेवटचं वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि मॅनेजर असताना काही वेळा माझ्याही तोंडून गेलं आहे, ज्याचं मला आज वाईट वाटतं. कारण त्या वाक्यानं मालक गिऱ्हाइकाच्या खिशातल्या पैशांवर स्वतःवरचा पगाराचा बोजा हलका करून घेतो. मुलगा मात्र तेवढे पैसे मिळणार असं धरून गावी शब्द देऊन बसतो. मग ज्या दिवशी ट्रे रिकामा येतो त्या दिवशी त्याला वाटतं, गिऱ्हाइकानं आपलं काहीतरी बुडवलं. खरं तर बुडवलेलं असतं दुसऱ्यानंच.

म्हणून तुमच्या वडिलांच्या "पगार मिळतो ना?" या प्रश्नाला माझं उत्तर असं, की प्रश्न रास्त आहे, पण तो त्या मुलाला विचारायचा नाही, मालकाला विचारायचा. सगळे मालक एका माळेचे मणी नाहीत. नाशिकमध्ये पगार चोख देणारी, भविष्यनिर्वाह निधी भरणारी हॉटेलं आहेत, मला माहीत आहेत. पण गिऱ्हाइकाला ते बाहेरून कळत नाही.

आता सेवा शुल्क. यावर मी जरा थांबणार आहे, कारण तुमचं सगळ्यात जास्त नुकसान इथं झालं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. कोणत्याही हॉटेलनं सेवा शुल्क बिलात आपोआप लावायचं नाही, दुसऱ्या नावानंही लावायचं नाही, ते ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, आणि ते न दिल्यास प्रवेश किंवा सेवा नाकारायची नाही. त्यात आणखी एक गोष्ट आहे जी फारसं कोणी वाचत नाही. हे शुल्क जेवणाच्या रकमेत मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलचालकांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, काही काळ स्थगितीही मिळाली, पण २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि या सूचना योग्य ठरवल्या.

तुमचं बिल आता पुन्हा मांडा. सहा हजारांवर पाच टक्के जीएसटी तीनशे, एकूण ६,३०० व्हायला हवे होते. तुम्ही ६,९३० दिले. जास्तीच्या सहाशे तीस रुपयांतले सहाशे सेवा शुल्क आणि तीस रुपये त्या शुल्कावरचा जीएसटी. बक्षिसीवरही कर भरलात असं झालं. बिल भरण्याआधी काउंटरवर शांतपणे म्हणायचं होतं, "हे सेवा शुल्क काढून बिल द्या, मुलांना मी हातात देतो." बहुतेक ठिकाणी मुकाट्यानं नवं बिल निघतं, कारण काउंटरवरच्या माणसाला नियम चांगला ठाऊक असतो. नाहीच काढलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. आवाज चढवायची गरज नाही, आणि वेटरशी वाद घालायचा तर अजिबात नाही. बिलात काय छापायचं हे तो ठरवत नाही. मशीनच्या मागं बसलेल्याशी बोला.

त्या सहाशेतलं त्या मुलाला किती मिळालं? हे हॉटेलवर अवलंबून आहे. काही मालक सेवा शुल्काचा ठरावीक हिस्सा महिनाअखेरीला सगळ्यांत वाटतात. काही जण त्यातून फुटलेल्या काचसामानाचा, युनिफॉर्मच्या धुलाईचा खर्च काढतात आणि उरलेलं वाटतात. काही ठिकाणी ते सरळ गल्ल्यात जातं. पैसे मालकाच्या उत्पन्नात जमा होतात, ते मुलांना देणं त्याच्या मर्जीवर राहतं. म्हणून तुमच्या बायकोला सांगा, सेवा शुल्क म्हणजे टीप नव्हे. तिचा राग बरोबर आहे, पण तो त्या मुलावर निघायला नको.

कार्डावर किंवा बिलासोबत टीप म्हणून वेगळी रक्कम दिली तर मात्र गोष्ट निराळी. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये एका प्राप्तिकराच्या खटल्यात म्हटलं आहे की गिऱ्हाइकानं अशी दिलेली टीप मालकाकडे केवळ विश्वस्त म्हणून येते, ती कर्मचाऱ्यांचीच. न्यायालयानं म्हटलं तरी तुमच्या समोरच्या हॉटेलात ती पोचते का, हे पाहायचा एकच मार्ग आहे. मुलाला हळूच विचारायचं, "दादा, यात टाकलं तर तुम्हाला मिळतं का?" तो तोंडानं काही बोलणार नाही, पण काउंटरकडे एकदा बघेल. तेवढ्यावरून समजायचं.

आता एक गोष्ट सांगतो जी बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. टीप आपल्याकडे सुट्ट्या पैशांतून जन्माला येते. बिल झालं १,८६०, गिऱ्हाइकानं दोन हजार ठेवले, एकशे चाळीस परत द्यायचे. चांगला कॅशियर शंभराची एक आणि विसाच्या दोन नोटा कधीच ठेवत नाही. तो ठेवतो पन्नासाची एक, विसाच्या तीन, दहाच्या तीन. बिलाचा फोल्डर उघडला की गिऱ्हाइकाच्या बोटांना आपोआप एक-दोन नोटा मागं ठेवाव्याशा वाटतात. मला हे माझ्या पहिल्या कॅप्टननं शिकवलं, आणि पुढं मी ते वीसेक मुलांना शिकवलं असेल. यात फसवणूक नाही, गिऱ्हाइकाची सोय असते. शंभराची नोट कोणी ठेवत नाही आणि ती मोडून मागायला कोणालाही संकोच वाटतो.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्या तेव्हा हा झरा पहिल्यांदा आटला. लोक सुट्टे पैसे जपून ठेवत, दहाची नोटसुद्धा पाकिटाबाहेर निघत नसे. ते काही आठवडे आमच्याकडच्या मुलांनी टीपेविना काढले. नंतर पैसे परत आले, पण मग करोना आला, हॉटेलं बंद राहिली, आणि उघडली तेव्हा प्रत्येक टेबलावर क्यूआर कोड होता. आता बिल १,८६० झालं की गिऱ्हाईक १,८६० टाइप करतं. साउंडबॉक्स मोठ्यानं आकडा बोलतो आणि माणूस उठतो. देण्याची इच्छा कमी झाली असं मला वाटत नाही. हात जिथं थांबायचा ती जागाच गेली. तुमच्या वडिलांनी खिशात हात घालून नोट काढली, हे तुम्ही लक्षात घ्या. नऊ जणांत ते एकटेच होते ज्यांनी त्या मुलासाठी खरोखर काहीतरी ठेवलं.

मग विसाची नोट कमी नव्हती का? हो, सहा हजारांच्या टेबलावर कमी होती. पण ती कंजूषपणामुळे कमी नव्हती. तुम्ही लिहिलंय की वडील नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले. त्या पिढीतली पुष्कळ माणसं माझ्याकडे येतात. मी वेटर होतो तेव्हा दहाची नोट मिळाली की दोन वडापाव आणि वर चहा व्हायचा, आणि चौघांचं जेवण दोन-अडीचशेत आटपायचं. त्या हिशोबानं दहा-वीस ही भरपूर टीप होती, आणि देणारा मनापासून द्यायचा. त्यांच्या मनातला आकडा तिथंच राहिला, भाव पुढं निघून गेले. त्यांना टक्केवारी सांगू नका. "बाबा, तुमच्या विसात आता काय येतं?" एवढंच विचारा, ते स्वतःच पन्नास-शंभर काढतील. मी माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हे करून पाहिलं आहे.

आकडा हवाच असेल तर माझ्या पाहण्यातला सांगतो. हा नियम नाही, आणि परिस्थितीनुसार बदलतो. मिसळीच्या ठिकाणी, जिथं तुम्ही टोकन घेता आणि स्वतः ताट उचलता, तिथं कोणी अपेक्षा ठेवत नाही. पण रविवारी सकाळी मखमलाबाद रस्त्याच्या बाजूला चुलीवरच्या मिसळीला गेलात आणि एक पोरगा रश्श्याची किटली घेऊन चार वेळा तुमच्या ताटापाशी आला, तर दहा-वीस रुपये त्याच्या हातात द्या. रस्सा पुन्हा मागायला आपल्याला लाज वाटू नये म्हणून तो न बोलावता येतो, हे त्याचं कसब असतं. साध्या उपाहारगृहात, इडली-डोसा-थाळीच्या जागी, दहा ते तीस. फॅमिली रेस्टॉरंटमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास दिले तर कोणाचंही मन दुखत नाही, आणि सेवा खरोखर चांगली असेल तर दहापर्यंत. बिल मोठं झालं की टक्केवारी सोडून द्या. बिर्याणीऐवजी महाग कबाब मागवला म्हणून त्या मुलाचं काम वाढत नाही. काम वाढतं ते माणसं वाढली की. नऊ जण, त्यात दोन लहान मुलं, एक आजी जिला भाकरी मऊ हवी, एक जण ज्याला कांदा-लसूण नको, मध्येच केक कापायचा, फोटो काढायचा. असं टेबल मी नव्या मुलाला देत नाही. म्हणून मोठ्या कुटुंबासाठी माणशी तीस-चाळीस रुपये असा हिशोब धरा. तुमच्या टेबलाचे तीनशे ते साडेतीनशे होतात. सेवा शुल्क काढून घेतलं असतं तर एवढे देऊनही तुमचे जवळपास तीनशे वाचले असते, आणि त्या मुलाला खात्रीनं मिळाले असते.

हातातच का म्हणतो, त्यालाही कारण आहे. २००३ च्या सुमारास मी एका हॉटेलात कॅप्टन होतो, नाव सांगत नाही. तिथं सगळी टीप एका पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि किल्ली मॅनेजरकडे. महिनाअखेरीला डबा उघडायचा तेव्हा आधी फूटतूट वजा व्हायची. ग्लास फुटला, लिहा. प्लेट टवकली, लिहा. कोणी बिल न भरता निघून गेलं, तेही लिहा. दिवाळीच्या महिन्यात, वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या महिन्यात, आम्हा नऊ जणांच्या वाट्याला माणशी साठ रुपये आले. माझ्यासोबत सुरगाण्याचा एक मुलगा होता. त्यानं ते साठ रुपये टेबलावर ठेवले, ॲप्रन घडी करून त्याच्या शेजारी ठेवला आणि काही न बोलता मागच्या दारानं निघून गेला. मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. डबा माझ्या मनातून मात्र गेला नाही.

आज माझ्या हॉटेलातही डबा आहे, पण त्याला काच आहे, आणि किल्ली भांडी घासणाऱ्या मावशींकडे असते. वेटरच्या हातात दिलेली टीपसुद्धा मुलं डब्यातच टाकतात, तसं त्यांनी आपसांत ठरवलं आहे. दर सोमवारी दुपारी चार वाजता, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, तो सगळ्यांसमोर उघडतो. वाटणी गुणांवर होते. समजा आठवड्याचे ८,४०० जमले. पाच वेटर आणि एक कॅप्टन, प्रत्येकी तीन गुण, म्हणजे अठरा. स्वयंपाकघरातले तिघं, प्रत्येकी दोन, सहा. भांड्यांवरच्या दोघी, प्रत्येकी दोन, चार. एकूण अठ्ठावीस गुण, एका गुणाचे तीनशे. वेटरला नऊशे, आचाऱ्याला आणि मावशींना सहाशे. कॅप्टनला जास्त गुण द्यावेत असं काही जण म्हणतात. मी देत नाही, कारण त्याचा पगार आधीच जास्त आहे. मालकाचा गुण शून्य. फूटतूट माझ्या खर्चातून. क्यूआर कोडवरून आलेली टीप मी सोमवारी सकाळी रोख काढून डब्यात टाकतो, आणि आकडा पाटीवर लिहितो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो विचार करण्यासारखा आहे. मी टीप दिली ती त्या हसतमुख मुलाला, मग ती आत बसलेल्या आचाऱ्याला का जावी? माझा अनुभव असा, की वाटणी नसते तिथं मुलं टेबलं वाटून घेण्यावरून भांडतात. मुंबईहून द्राक्षमळे आणि वाईनरी बघायला आलेली मंडळी सगळ्यांना हवी असतात, आणि दवाखान्यातून परतणारं म्हातारं जोडपं कोणालाच नको असतं. वाटणी सुरू केल्यापासून माझ्याकडे त्या जोडप्याला गरम पाणी न मागता मिळतं. पण सगळीकडे अशी पद्धत नाही, म्हणून तुम्हाला कोणी एक जण विशेष आवडला तर त्याच्या हातात देऊन मोकळं व्हा. पुढचं त्यांचं ते बघतील.

जेवण उशिरा आलं तर टीप कापावी का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. आधी चूक कुणाची ते बघा. ऑर्डर आत गेली की तिची वेळ चिठ्ठीवर छापून येते, आणि तंदूर अडकला असेल तर बाहेरच्या मुलाच्या हातात काहीही नसतं. त्यानं येऊन सांगितलं का, "साहेब, अजून दहा मिनिटं लागतील, तोवर पापड देऊ का?" सांगितलं असेल तर त्यानं त्याचं काम उत्तम केलं, त्याला पूर्ण द्या. तो विसरला असेल, उद्धट बोलला असेल, तर काहीही देऊ नका आणि कॅप्टनला दोन वाक्यांत कारण सांगा. मुद्दाम एक रुपयाचं नाणं ठेवून जाणारे लोक असतात. त्यानं शिकत कोणी नाही, जखम मात्र होते. नुसतं काही न ठेवणं त्यापेक्षा कितीतरी सभ्य.

पैशांइतकीच हाकेबद्दलही मला बोलायचंय. "शुक् शुक्", चुटकी, "ए बारक्या" हे नाशिकमध्ये अजून ऐकू येतं, आणि तीच माणसं जाताना शंभर ठेवतात. मुलं ते शंभर घेतात, कारण घ्यावे लागतात. "दादा" म्हणा, वयानं मोठा असेल तर "काका" म्हणा, नाव विचारलंत तर फारच छान. मागच्या वर्षी माझ्याकडे कॉलेज करून संध्याकाळी काम करणारी एक मुलगी होती. एका टेबलावरच्या माणसानं फोल्डरमध्ये पाचशेची नोट ठेवली आणि त्यावर बोट ठेवूनच तिचा मोबाइल नंबर मागितला. ती माझ्याकडे आली. मी ती नोट त्याच्या हातात परत दिली आणि म्हटलं, "आमच्याकडे या नोटेची गरज नाही." तो माझं नेहमीचं गिऱ्हाईक होता, पुन्हा आला नाही. त्याबद्दल मला एक क्षणही वाईट वाटलेलं नाही.

एका बाबतीत मात्र टीप देऊच नका. टेबल पुसणारा मुलगा चौदा वर्षांच्या आतला दिसला, तर दहा रुपये देऊन मनाचं समाधान करून घेऊ नका. हॉटेल आणि ढाब्यांत एवढ्या लहान मुलांना कामाला ठेवण्यावर २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती जवळपास सगळ्याच कामांना लागू झाली. १०९८ वर फोन करा.

आता तुमच्यापुरतं. पुढच्या वेळी आत शिरतानाच मेनूकार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात सेवा शुल्काचं काही लिहिलंय का बघा, ऑर्डर देण्याआधीच बोलून घ्या. पाकिटात पन्नासाच्या पाच-सहा नोटा ठेवा. बिल मोबाइलवरून भरा, टीप हातात द्या, आणि ती वडिलांना द्यायला सांगा. ते आईच्या वाढदिवसाचे यजमान आहेत, त्यांच्या हातून गेलेली बरी. भावाला सांगा की तिकडं तो देतो ते तिकडं बरोबरच आहे.

आणि त्या मुलाचा चेहरा. तो विसाच्या नोटेमुळेच पडला असेल असं मी धरून चालणार नाही. तुम्ही उठलात तेव्हा पावणेअकरा झाले होते असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडे दिवस दोन तुकड्यांत असतो. सकाळी अकरा ते साडेतीन, मग संध्याकाळी साडेसहा ते शेवटचं टेबल उठेपर्यंत. तुम्ही बाहेर पडल्यावर त्यानं नऊ ताटं, सत्तावीस वाट्या आणि केकचा खोका आत नेला असणार, टेबलक्लॉथवर सांडलेलं क्रीम आधी चमच्यानं खरवडून मग ओल्या फडक्यानं पुसलं असणार, बाळाच्या खुर्चीखालचा भात वेचला असणार. मग खुर्च्या उलट्या टेबलावर, फरशी, दिवे. आणि त्यानंतर, साधारण बाराच्या सुमाराला, आतल्या ओट्यापाशी उभं राहून त्याचं जेवण. त्या वेळी डाळ बहुतेक गार झालेली असते.